सोडून गेलेल्यांना परत घेताना : कार्थेजची मंडळी, इ.स. २५० ते २५३

अडचणीच्या काळात सोडून गेलेल्या माणसाला क्षमा कशी करायची, हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बहुतेकदा एकेकटा माणूस घेऊन येतो. वडिलांच्या आजारपणात भाऊ फिरकला नाही. खटला उभा राहिला तेव्हा जिवाभावाच्या मित्राने साक्ष द्यायचं टाळलं. धंदा बुडाला आणि दर रविवारी शेजारी बसणाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. पाळकांकडे गेलं की उत्तर मिळतं : साताच्या सत्तर वेळा. हे उत्तर प्रभूचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कोणाला लगेच जवळ घ्यायचं, कोणाला थांबवायचं, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे त्यापुढे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

एका अख्ख्या मंडळीला हे ठरवावं लागलं होतं. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, आजच्या ट्युनिसच्या कडेला. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर इथले बहुसंख्य विश्वासी छळाच्या पहिल्याच तडाख्यात बाजूला झाले आणि थोडे मागे उरले. काही महिन्यांतच गेलेले परत आले आणि दार वाजवू लागले. तिथला बिशप सिप्रियन याचा पत्रव्यवहार शिल्लक आहे, ऐंशीच्या आसपास पत्रं. त्यामुळे हे प्रकरण जवळजवळ आठवड्या-आठवड्याने वाचता येतं. क्षमेबद्दल मला जे थोडंफार उमगलं आहे, त्यातला मोठा भाग या पत्रांतून आला आहे.

हुकूम आणि दाखला

२४९ मध्ये डेसियस रोमचा सम्राट झाला. डॅन्यूबच्या सीमेवर गॉथ टोळ्या चढून येत होत्या, एकामागून एक सम्राट मारले जात होते. देव कोपले आहेत, त्यांना शांत केलं पाहिजे, असा विचार करून त्याने साम्राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना देवांपुढे बळी देण्याचा हुकूम सोडला. गावोगाव समित्या नेमल्या गेल्या. त्यांच्यासमोर पेय ओतायचं, बळी द्यायचा, प्रसादाचं मांस चाखायचं आणि दाखला घ्यायचा.

असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत पपायरसवर टिकून राहिले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला दाखला २६ जून २५० चा आहे. अर्जदार औरेलियस डायोजिनिस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. तो लिहितो की मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर दिला आहे, तरी खाली तसं लिहून द्यावं. त्याखाली साक्षीदाराची सही. हा म्हातारा ख्रिस्ती होता असं मुळीच समजायचं कारण नाही. हुकूम सगळ्यांनाच होता. पण ख्रिस्ती माणसासाठी सगळं काही त्या तीनचार ओळींच्या कागदावर येऊन अडलं. सही झाली तर घरदार वाचत होतं. नाही झाली तर तुरुंग, हद्दपारी, जप्ती, छळ, मरणही. रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० लाच मारला गेला होता, आणि त्याची जागा वर्षाहून अधिक काळ रिकामी राहिली.

कार्थेजमध्ये काय झालं ते सिप्रियनने नंतर मंडळीपुढे वाचलेल्या लेखात आहे, आणि ते वाचताना आजही पोटात कालवतं. शिपाई यायच्या आधीच लोक आपण होऊन चौकाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणाले, तर आजच उरकून घ्या म्हणून लोकांनी गयावया केली. काहींनी कडेवरची मुलंही नेली. बाप्तिस्म्याच्या वेळी जे मिळालं होतं ते या मुलांनी स्वतः काही न करता गमावलं, असं सिप्रियन लिहितो आणि त्यांचा टाहो त्यांच्याच तोंडी घालतो : आम्ही काही केलं नाही, दुसऱ्यांच्या अविश्वासाने आमचा घात केला. पळून जायची सोय असतानाही अनेकांचे पाय का निघाले नाहीत, याचं कारणही तो आडपडदा न ठेवता सांगतो. मालमत्तेने त्यांना बांधून ठेवलं होतं.

सगळ्यांनी बळी दिला असंही नाही. कोणी नुसता धूप टाकला. कोणी अधिकाऱ्याच्या हातावर पैसे ठेवून कागद मिळवला आणि वेदीपुढे उभं राहणं चुकवलं. मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने मात्र सगळे सारखेच होते. तुरुंगात तहानभुकेने मरणाऱ्यांच्या शेजारची जागा सोडून गेलेले.

न्याय करणाराही जागेवर नव्हता

या प्रकरणातली सर्वांत अवघड बाब हीच आहे. छळ सुरू होताच सिप्रियन स्वतः शहर सोडून लपला. तो वक्तृत्वशास्त्राचा नावाजलेला शिक्षक, खात्यापित्या घरचा, विश्वासात येऊन दोनतीन वर्षंच झालेली, तोवर बिशप झाला. मंडळीच्या जुन्या वडिलांपैकी, म्हणजे बिशपखालच्या ज्येष्ठ सेवकांपैकी, काहींना ती निवड रुचलीच नव्हती. लोक ‘सिप्रियनला सिंहापुढे टाका’ म्हणून ओरडत होते, त्याची मालमत्ता जप्त झाली होती. तो पकडला गेला असता तर मेलाच असता, आणि मंडळीही बिनवाली झाली असती. हे सगळं खरं. पण रोमच्या वडिलांनी कार्थेजच्या सेवकांना एक पत्र पाठवलं आणि त्यात चांगल्या मेंढपाळाची आणि लांडगा येताना पाहून पळणाऱ्या मोलकऱ्याची गोष्ट आठवण करून दिली. सिप्रियन शहराबाहेर गेल्याचा उल्लेख त्यात होताच, त्यामुळे रोख कोणावर आहे हे वेगळं सांगायची गरज नव्हती. सिप्रियनने ते पत्र परत पाठवलं आणि विचारलं, हे खरंच तुम्हीच लिहिलं आहे का? पुढे त्याने आपल्या तेरा पत्रांच्या नकला रोमला धाडल्या, मी कुठेही असलो तरी मंडळीची काळजी सोडली नव्हती हे दाखवायला.

मला यात सिप्रियनची अडचण समजते आणि रोमकरांचा संशयही समजतो. माघार घेणं आणि सोडून जाणं यांतली रेघ बाहेरून दिसत नाही. आपल्या ओळखीच्या गोष्टींमध्येही असंच असतं. आजारपणात न आलेला भाऊ कशामुळे आला नाही, हे त्याला विचारेपर्यंत आपल्याला कळत नाही, आणि आपण विचारत नाही. राग आधी ठरतो. हकीकत नंतर कधीतरी कळते, कळली तर.

तुरुंगातून आलेल्या चिठ्ठ्या

आता प्रश्न असा की क्षमा करायची कोणी? गेलेल्यांनी स्वाभाविकच तुरुंगाकडे धाव घेतली. ज्यांनी मार खाल्ला, तहान सोसली, त्यांच्या शब्दाला मंडळीत वजन होतं. त्यांनी चिठ्ठी दिली की याला प्रभुभोजनाला घ्या, तर नाही कोण म्हणणार? लुसियन नावाचा एक तुरुंगवासी पौलुस नावाच्या (प्रेषित पौलुस नव्हे) रक्तसाक्ष्याच्या, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्याच्या, नावाने अशा चिठ्ठ्या देऊ लागला. मरण्यापूर्वी पौलुसने आपल्याला तसं सांगून ठेवलं होतं, असं त्याचं म्हणणं. लवकरच चिठ्ठ्यांत नावंही येईनाशी झाली. ‘अमुक आणि त्याची माणसं’ एवढाच मजकूर. सिप्रियन कळवळून विचारतो की ‘त्याची माणसं’ म्हणजे किती? नातेवाईक, नोकर, ओळखीचे म्हणून वीसतीस जण एका चिठ्ठीवर आत येतील. शेवटी लुसियनने सर्व तुरुंगवासीयांच्या वतीने जाहीरच केलं की आम्ही सगळ्यांना शांती, म्हणजे मंडळीत परत येण्याची मुभा, दिली आहे.

लुसियनचं मन मोठं होतं यात शंका नाही. त्याच्या कोठडीतले एकामागून एक भुकेने मरत होते, त्यांची नावं त्याने पत्रात लिहिली आहेत. असा माणूस सूड मागत नाही, शांती वाटतो, ही छोटी गोष्ट नव्हे. तरीही सिप्रियनने त्याला अडवलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. न भेटता, न विचारता, नावसुद्धा न लिहिता दिलेल्या क्षमेत समोरचा माणूसच राहत नाही. त्याने काय केलं हे कोणी ऐकून घेतलेलं नसतं, त्यामुळे ते त्याच्याजवळच राहतं.

याउलट मॅपालिकस. तोही रक्तसाक्षी, आणि उद्या तुम्हाला खरी झुंज दिसेल असं न्यायासनापुढे सांगून मेलेला. त्याने मरण्याआधी सरसकट चिठ्ठ्या काढल्या नाहीत. त्याची आई आणि बहीण छळात ढळल्या होत्या. त्या दोघींना शांती द्यावी, एवढीच शिफारस त्याने केली. सिप्रियन हे मुद्दाम नोंदवतो. मला ही सगळ्या पत्रव्यवहारातली सर्वांत सुंदर नोंद वाटते. ज्यांनी आपल्याला एकटं टाकलं त्या आपल्याच आईबहिणीची नावं घेऊन, आणि त्यांचीच घेऊन, तो बोलला. इतरांच्या वतीने क्षमा वाटण्याचा हक्क त्याने घेतला नाही.

आणि केलेरिनस. रोममध्ये १९ दिवस खोड्यात राहून सुटलेला हा तरुण लुसियनला लिहितो की पुनरुत्थानाच्या सणाला सगळे आनंदात असताना मी राखेत बसून रात्रंदिवस रडतो आहे, कारण आपल्या बहिणी ढळल्या आहेत. त्यांपैकी एकीने पैसे चारून बळी देणं टाळलं होतं, अर्ध्या वाटेवरून ती खाली उतरली होती. मग तो पुढचं सांगतो. कार्थेजहून हद्दपार होऊन आलेल्या ६५ जणांना या बायका बंदरावर जाऊन भेटल्या आणि आजही त्यांची सेवा करत आहेत. रोमच्या वडिलांनी त्यांची हकीकत ऐकून घेतली होती आणि नवा बिशप नेमेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. त्या नुसत्या थांबल्या नाहीत. ज्या छळातून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली होती, त्याच छळात सापडलेल्यांना त्या जेवू घालत होत्या.

प्रत्येकाची हकीकत

२५१ च्या वसंतात सिप्रियन परतला. आफ्रिकेतले बिशप कार्थेजमध्ये जमले. जूनमध्ये डेसियस गॉथांशी लढताना मेला, पण छळ त्याआधीच ओसरला होता. परिषदेने ठरवलं ते थोडक्यात असं : नुसता कागद घेतलेल्यांना, प्रत्येकाची चौकशी करून, आत घ्यावं. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ पश्चात्तापात राहावं, मात्र मरणाच्या दारी त्यांना शांती नाकारू नये.

यातला ‘प्रत्येकाची चौकशी करून’ हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. सिप्रियनने अँटोनियानस नावाच्या बिशपला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याचा अर्थ उलगडला आहे. एक जण हुकूम ऐकताच धावत गेला, दुसरा बराच काळ झगडून, छळ सोसून मग कोलमडला. एकाने बायकामुलं, कुळं, नोकर सगळ्यांना ओढत वेदीपुढे नेलं. दुसरा एकटा पुढे झाला, स्वतः तो डाग घेतला आणि घरच्यांना त्यातून वाचवलं, वर घरातून हाकललेल्या विश्वासी लोकांना आपल्या घरात आसरा दिला. या दोघांना एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे, असं सिप्रियन म्हणतो.

बोना नावाच्या बाईची नोंद दुसऱ्या एका पत्रात आहे. नवऱ्याने तिला फरफटत वेदीकडे नेलं, तिचे हात धरून तिच्याकडून बळी देववला. ती ओरडत राहिली की मी हे केलं नाही, तुम्हीच केलंत. नंतर तिला हद्दपार करण्यात आलं. दफ्तरात पाहिलं तर बोनानेही बळी दिला होता. हकीकत ऐकणारा कोणी नसता तर ती आयुष्यभर ढळलेल्यांच्या यादीत राहिली असती.

क्षमा आणि पूर्वीची जागा या दोन गोष्टी मंडळीने वेगळ्या ठेवल्या, हेही इथे सांगायला हवं. ट्रोफिमस नावाचा बिशप आपल्या बऱ्याचशा लोकांसह ढळला होता. तो परत आला, पश्चात्ताप केला, त्याच्यामागून ते लोकही परतले. त्याला आनंदाने घेतलं, पण साधा सभासद म्हणून. बिशपपद परत दिलं नाही. आपल्याकडे क्षमा केली म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालंच पाहिजे असा आग्रह धरला जातो आणि त्या धाकाने पुष्कळ माणसं क्षमाच करत नाहीत. ज्याने पैशाच्या बाबतीत दगा दिला त्याला पुन्हा जेवायला बोलावता येतं. तिजोरीची किल्ली द्यावीच असं नाही. ट्रोफिमसच्या बाबतीत कोणाला हे विसंगत वाटलं नाही.

नोवाशियनचं दार

रोममध्ये मार्च २५१ मध्ये कॉर्नेलियस बिशप झाला. नोवाशियन या विद्वान वडिलाला ती निवड मान्य झाली नाही; त्याने स्वतःला बिशप करून घेतलं आणि वेगळी मंडळी काढली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की ढळलेल्यांनी जन्मभर पश्चात्ताप करावा, देव त्यांना क्षमा करेल न करेल, मंडळीने मात्र त्यांना परत घेऊ नये. हे म्हणणं क्रूर माणसाचं नाही. ज्यांचे नातलग तुरुंगात मेले त्यांच्या वेदनेला ते सन्मान देतं, आणि म्हणूनच अनेक प्रामाणिक माणसं त्याच्यामागे गेली. ‘ज्यांना आमच्या हालांची किंमत नव्हती त्यांनी आमच्या पंगतीला बसू नये’ ही भावना मी आपल्या मंडळ्यांमध्येही ऐकली आहे, आणि ती बोलणाऱ्यांना मी कधीच दोष देणार नाही.

सिप्रियनचं उत्तर मात्र बिनतोड होतं. शेतकऱ्याला म्हणायचं की जमीन नीट कस, सगळं कसब लाव, पण पीक तुला मिळणार नाही. मग तो कशाला नांगरेल? पश्चात्ताप करायला सांगायचा आणि त्याच्या टोकाला काहीच ठेवायचं नाही, म्हणजे पश्चात्तापच बंद पाडायचा. गहू आणि निदण निवडण्याचा अधिकार प्रभूचा आहे, आपला नाही, हेही त्याने ठासून सांगितलं. आजारी म्हणून शांती दिलेले काही लोक बरे झाले, तेव्हा टीकाकारांनी विचारलं की आता काय? सिप्रियनने उलट विचारलं, शांती मिळाली म्हणून त्यांचा गळा दाबायचा का?

एका ठिकाणी मात्र मला सिप्रियन कठोर वाटतो. ज्यांनी आधी कधीच पश्चात्तापाची इच्छा दाखवली नाही आणि मरणाच्या भीतीने शेवटी हात पुढे केला, त्यांना त्याने शांती नाकारली. कारण तो देतो ते असं की हे मागणं मृत्यूच्या धाकाने आहे, पापाच्या दुःखाने नव्हे. वधस्तंभावरच्या चोराने कधी मागितलं, हे आठवलं की इथे माझं मन सिप्रियनबरोबर जात नाही.

पुढची लढाई

नंतर जे झालं ते मला या प्रकरणाचा कळस वाटतं. २५२ च्या सुमारास कार्थेजमध्ये भयंकर साथ आली. प्रेतं रस्त्यात पडत होती, लोक आपल्याच माणसांना टाकून पळत होते. सिप्रियनने मंडळीला एकत्र करून कामं वाटून दिली, ज्याच्याकडे पैसा त्याने पैसा, नसेल त्याने अंगमेहनत, आणि सेवा फक्त विश्वासी लोकांची नाही, छळणाऱ्यांचीही. त्यातच नव्या सम्राटाच्या, गॅलसच्या, काळात पुन्हा छळाची चिन्हं दिसू लागली.

तेव्हा ४२ बिशपांनी कॉर्नेलियसला पत्र लिहिलं. बळी दिलेले, पण तेव्हापासून आजतागायत मंडळीच्या दाराशी पश्चात्तापात राहिलेले जे आहेत, त्या सगळ्यांना आता शांती देत आहोत, असं त्यांनी कळवलं. दोन वर्षांपूर्वी याच लोकांना मरणापर्यंत थांबायला सांगितलं होतं. कारण त्यांनी असं दिलं : ख्रिस्तासाठी रक्त सांडायला आपण यांना सांगणार, आणि लढाईला निघताना ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला मात्र देणार नाही, हे कसं चालेल?

ढळलेले पुन्हा ढळणार नाहीत याची हमी कोणाकडेच नव्हती. ते खरे ठरल्यावर त्यांना जवळ घेऊ, असं बिशप म्हणाले नाहीत. खरं ठरण्यासाठीच त्यांना आत असणं गरजेचं आहे, असं ते म्हणाले. गेल्या वेळी जे एकटे पडले आणि कोसळले, त्यांना या वेळी एकटं ठेवायचं नाही. सोडून गेलेल्याला आपण सहसा एवढंच विचारतो की तू माझ्याजवळ का नव्हतास. तो कोसळला तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं, हा प्रश्न कार्थेजने विचारला.

सिप्रियन १४ सप्टेंबर २५८ ला, सम्राट व्हॅलेरियनच्या छळात, कार्थेजमध्येच शिरच्छेद होऊन मेला. या वेळी मित्रांनी लपायची जागा देऊ केली होती. बिशपने आपल्याच शहरात, आपल्याच लोकांसमोर साक्ष द्यावी, असं तो शेवटच्या पत्रात लिहितो.

नोवाशियनच्या मंडळ्या पुढे कित्येक पिढ्या टिकल्या. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेपुढे त्यांचा विषय आला, तेव्हा त्यांच्या सेवकांसाठीही दार उघडं ठेवलं गेलं, आणि ट्रोफिमसच्या उलट, त्यांची पदंही बहुतांशी कायम राखली गेली. आठव्या नियमात अट घातली ती लेखी हमीची : छळात जे ढळले आणि परत आले, त्यांच्याबरोबर आम्ही एकाच मेजावर प्रभुभोजन घेऊ.